जेवताना कोण बोलणार

"आणि तुमच्याकडे किती आहेत?" सावर्डेकरांनी विचारलं.

शिरोलीच्या त्यांच्या फौंड्रीतल्या लहानशा केबिनमध्ये आम्ही बसलो होतो. अरुंधती घाटगे मॅडम, म्हणजे आमच्या फर्मच्या मालकीण, त्यांना समजावून सांगत होत्या की सामाजिक जबाबदारी म्हणजे नुसतं शाळेला बाक वाटणं नव्हे. तुमच्या कामगारांत अपंग माणसं किती आहेत, नसतील तर का नाहीत, याचाही विचार अहवालात आला पाहिजे. सावर्डेकरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग हा प्रश्न विचारला.

"आमच्याकडे एकही नाही," मॅडम म्हणाल्या. लपवालपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती.

सावर्डेकर हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता. "मग आधी तुम्ही करून बघा मॅडम. कसं जमतंय ते मला सांगा. मी तुमच्या मागनं येतो."

परतताना एसटीत मॅडमनी त्यांचं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. 'नितळ कन्सल्टंट्स' नावाची आमची फर्म तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत मावत होती. कारखान्यांनी पाणी किती वापरलं, वीज किती जाळली, कचऱ्याचं काय केलं, गावासाठी काय केलं, हे तपासायचं, सल्ला द्यायचा आणि अहवाल लिहायचा, हे आमचं काम. सामाजिक कामावर खर्च करायचा कायदा नुकताच आला होता, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. त्या वर्षी मॅडमनी ठरवलं होतं की दुसऱ्यांचे अहवाल लिहितो तसा आपण स्वतःचाही लिहायचा. कागद कमी केला होता. जवळच्या कारखान्यांना एसटीने जायला लागलो होतो. एसी काढून टाकला होता, त्यावरून दोघंजण रुसलेही होते. पण 'समाजासाठी' या मथळ्याखाली लिहायला फार काही नव्हतं. दिवाळीला एका संस्थेला चेक जायचा आणि एका डोंगरावर आम्ही झाडं लावली होती. त्यातली बरीचशी शेळ्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना समोर बसवलं. म्हणाल्या, "आकृत्या आणि अहवालाची मांडणी करायला आपल्याला माणूस हवंच आहे. ते काम ऐकू न येणारी व्यक्ती करू शकेल असं मला वाटतं. मी एका मूकबधिर शाळेतल्या बाईंशी बोलले आहे."

पोतनीस सरांनी चष्मा काढून पुसला. दिगंबर पोतनीस हे मॅडमचे भागीदार. वृत्तीने सावध, पण मनाने वाईट नव्हेत. "अरुंधती, आपण सात माणसं. मोठ्या कंपनीत एखादा माणूस जुळला नाही तर खपून जातं. इथं नाही खपणार. आणि न जमून तिला परत पाठवायची वेळ आली तर ते जास्त वाईट."

"म्हणून बोलवायचंच नाही?"

"तसं नाही म्हटलं मी. कसं बोलायचं तिच्याशी, एवढंच विचारतोय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "केतकी, तुला काय वाटतं?"

"मला काही सुचत नाहीये," मी म्हटलं आणि समोरच्या फाइलमधली पानं सारखी करत बसले.

आठवडाभरात मुलगी आली. मिनाज शिकलगार, इस्लामपूरची. उंच, सडपातळ, निळा कुडता, खांद्याला कापडी पिशवी. सोबत वडील होते, दस्तगीरभाई. शिवणकाम करायचे. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. शाळेतल्या हेर्लेकर बाई दुभाषी म्हणून येणार होत्या, पण त्यांचा फोन आला. किणीच्या अलीकडे त्यांची बस बंद पडली होती आणि दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

"तुम्ही सांगाल का आमचं बोलणं तिला?" मॅडमनी दस्तगीरभाईंना विचारलं.

त्यांचा चेहरा ओशाळला. "मॅडम, घरात तिच्या आईला समदं कळतंय. मला जेवण, पाणी, चल, बस, एवढंच येतंय. दुकानात दिवस जातो माझा. पण पोरगी हुशार हाय. कॉम्प्युटरचा कोर्स केलाय."

मिनाजने पिशवीतून स्वतः केलेल्या आकृत्यांचे छापील कागद काढले. मांडणी नेटकी होती, रंग जरा भडक होते. पोतनीस सरांनी ते आस्थेने पाहिले. मग एक कोरा कागद घेऊन त्यावर लिहिलं, 'तुमच्या आधीच्या कामाविषयी थोडक्यात सांगा', आणि तिच्यापुढे सरकवला.

तिने वाचलं, विचार केला आणि लिहून परत दिलं.

'मी कारखाना कपडे तपासणे काम. दोन वर्ष. काम चांगले. बोलणे नाही. सोडले मी.'

सरांनी तो कागद मॅडमकडे दिला. आवाज खाली आणून म्हणाले, जणू तिला ऐकू जाईल, "अरुंधती, आपलं सगळं काम लिहिण्याचं आहे. अहवालात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी..."

मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. त्यांच्याही कपाळाला आठी पडली होती. मला ते वाक्य मोडकं वाटलं नाही. हातांच्या भाषेत शब्द याच क्रमाने येतात. तिने मनातल्या मनात हात हलवले होते आणि तेच कागदावर उतरवलं होतं. पण हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्याने होईना.

चेहरे वाचण्यात त्या मुलीचं आयुष्य गेलेलं. आठी कशाची ते तिला लगेच कळलं. तिने आकृत्यांचे कागद गोळा केले, पिशवीत ठेवले, वडिलांच्या गुडघ्याला हात लावला आणि टेबलाच्या कडेखाली, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, हातांनी बोलली. मी बाजूलाच बसले होते, म्हणून मला दिसलं.

दस्तगीरभाईंना त्यातलं 'चला' तेवढं समजलं. ते उठायला लागले. पुढचं त्यांना समजलं नाही. त्या खोलीत ते एकट्या मला समजलं. ती म्हणत होती, चला अब्बा, यांना मी नको आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला नाही वाईट वाटलं.

माझे हात मांडीवर होते. ते मी कधी वर उचलले, आठवत नाही.

'थांब,' मी हाताने म्हटलं. 'बस. जाऊ नको.'

बोटं आखडली होती. खूप दिवसांच्या तापातून उठल्यावर पहिलं पाऊल टाकतो तशी ती हलली. मिनाज अर्धवट उठलेली तशीच राहिली. मग हळूच खाली बसली आणि तिने विचारलं, 'तुला येतं?'

'येतं.'

'मग इतका वेळ गप्प का?'

सर आणि मॅडम दोघंही माझ्याकडे बघत होते. मी दस्तगीरभाईंना म्हटलं, "चाचा, बसा ना. ती आत्ता तुम्हाला म्हणाली, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मला नाही वाईट वाटलं."

दस्तगीरभाई मुलीकडे बघत राहिले. "असं म्हणाली?" त्यांनी मला विचारलं. खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. नुसता हातात धरून बसले.

मग खरी मुलाखत झाली. सर विचारायचे, मी सांगायची, ती उत्तर द्यायची. सुरुवातीला मी अडखळत होते. 'काम' या शब्दाची माझी खूण बघून तिला हसू फुटलं. 'हे कुणी शिकवलं? आमच्याकडे म्हातारे लोक असं करतात.'

'भावाने. मिरजेच्या शाळेत होता.'

'आता कुठे असतो?'

मी मान हलवली. तिने माझ्या डोळ्यांत क्षणभर पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही.

"आधीचं काम का सोडलं?" सरांनी विचारलं.

तिने सांगितलं, मी मराठीत आणलं. "काम चांगलं होतं. पण दिवसभर कुणी बोलायचं नाही. चूक झाली की खांद्यावर टिचकी मारून बोट दाखवायचे. चूक झाली नाही तर तेवढंही नाही."

"इथं फोन फार येतात."

"फोन तुम्ही घ्या. तेवढ्या वेळात मी माझं काम करते. मला फोनचा त्रास होत नाही."

सरांना हसू आवरलं नाही. मग तीच म्हणाली, 'मी एक विचारू?'

"विचार की," मॅडम म्हणाल्या.

'जेवताना माझ्याशी कोण बोलणार?'

मी ते मराठीत सांगितलं. पगार, सुट्ट्या, वेळ, यातलं काही तिने विचारलं नव्हतं. कारखान्यांना देण्यासाठी आमच्याकडे अशा बाबतींतलं पानंच्या पानं मार्गदर्शन तयार होतं. रॅम्प, सूचनाफलक, समान संधी, सगळं होतं. याचं उत्तर त्यात नव्हतं.

"आज तरी केतकीच बोलेल," मॅडम सावकाश म्हणाल्या. "पण तिला सांग, आम्ही शिकू. लगेच जमणार नाही. चुका होतील."

मी सांगितलं. मिनाजने पोतनीस सरांकडे बोट केलं. 'हेसुद्धा?'

सरांनी घसा खाकरला. "माझी पन्नाशी उलटली आहे म्हणावं. तरीपण शिकवणारी चांगली असेल तर बघू."

ती दोघं गेल्यावर मॅडमनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं आणि समोर बसल्या. "चार वर्षं तू इथं आहेस, केतकी."

मग मी त्यांना सुयोगबद्दल सांगितलं. सुयोग माझा धाकटा भाऊ, जन्मापासून ऐकू न येणारा. मिरजेच्या शाळेतून सुट्टीला घरी आला की नव्या नव्या खुणा घेऊन यायचा आणि आम्हा तिघांना शिकवायचा. आई, अप्पा, मी. कसबा बावड्याच्या आमच्या घरात संध्याकाळी चौघं जेवायला बसलो की बाहेरच्या माणसाला वाटावं घरात कुणी नाही, आणि आत नुसता गलका चाललेला असायचा. बोलताना जेवण थांबायचं, म्हणून आई रागवायची, तेही हातानेच.

बाविसाव्या वर्षी त्याला डेंग्यू झाला. दवाखान्यात त्याच्या डाव्या हाताला सलाईन होतं, हात फळीला बांधलेला. आमच्या भाषेत अक्षरं दोन हातांनी होतात. त्याच्याकडे एकच उरला होता. मग मी माझा डावा हात त्याच्यापुढे धरायची आणि तो आपला उजवा त्याला लावून अक्षर पुरं करायचा. अर्धा शब्द त्याचा, अर्धा माझा. असे आम्ही बोललो. शेवटच्या दिवशी तो माझ्या हातावर नुसता हात ठेवून पडला होता. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. कदाचित काहीच म्हणायचं नसेल.

"त्यानंतर घरात कुणाचेच हात हलले नाहीत," मी म्हटलं. "आई तोंडाने बोलते, अप्पा तोंडाने बोलतात. ठरवून नाही. हाताने बोलायला घेतलं की चौथं माणूस नाही हे दिसायचं. आणि ऑफिसात सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, एकदा करून दाखव."

मॅडमनी माझी समजूत काढली नाही. टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "हे बघ, तू इथं दुभाषी म्हणून नोकरीला नाहीस. तुला नको असेल तर हेर्लेकर बाईंना आपण मानधन देऊन बोलावू. हे ओझं तुझ्यावर टाकून फर्मने नाव मिळवायचं, हे मला चालणार नाही."

"ओझं नाही मॅडम. पण मी एकटी पुरणार नाही. ती माझ्याशीच बोलत राहिली तर ते आधीच्या कारखान्यासारखंच होईल."

"मग सगळे शिकू," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दुपारी. कामाच्या वेळेतच."

मिनाज कामावर रुजू झाली. काम तिने बरं केलं. भडक रंगांवरून तिचं आणि मॅडमचं बरेचदा वाजायचं आणि निम्म्या वेळा मिनाजच जिंकायची. शिक्षिका म्हणून मात्र ती कडक होती. शुक्रवारी तास घ्यायची आणि सोमवारी जेवताना परीक्षा. तिच्यासमोर कुणी तोंडाने मीठ मागितलं तर मिळायचं नाही. पोतनीस सरांची बोटं काही केल्या वळेनात. पहिल्या महिन्यात त्यांनी तिला चहा घेणार का म्हणून विचारायला जाऊन भलतंच काहीतरी विचारलं. काय ते तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, नुसती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सर तेव्हापासून घरी आरशासमोर सराव करायला लागले, असं त्यांच्या मिसेसनी आम्हाला सांगितलं.

वर्ष संपताना आमच्या फर्मचा पहिला अहवाल तयार झाला. सामाजिक प्रगतीखाली सरांनी लिहिलं होतं, 'एका कर्णबधिर कर्मचाऱ्याची नियुक्ती'. मांडणी मिनाजकडे होती. तिने ती ओळ खोडली आणि पान घेऊन सरांच्या टेबलाशी गेली.

'मी नोकरी करते. ती तुमची प्रगती नाही,' ती म्हणाली. 'तुम्ही काय शिकलात ते लिहा.'

सरांनी मला हाक मारली नाही. त्यांना समजलं होतं. थोडा वेळ विचार करून त्यांनी नवी ओळ लिहिली, 'आमच्या सर्व सहकाऱ्यांनी खुणांची भाषा शिकायला घेतली आहे. एक भागीदार अजून कच्चा आहे.' मॅडमनी ती तशीच छापली. सावर्डेकरांनी ती वाचून फोन केला आणि हेर्लेकर बाईंचा पत्ता मागून घेतला.

नावं पडली ती त्याच सुमाराला. ऐकू न येणाऱ्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, माणसाच्या रूपावरून, सवयीवरून पाडलेलं. एका दुपारी मिनाजने सगळ्यांची बारशी केली. मॅडमना अंबाड्यावरून मिळालं, सरांना चष्मा पुसण्यावरून. माझ्यापाशी येऊन थांबली. 'तुझं असेलच.'

होतं. लहानपणी झोपाळ्यावरून पडून माझी डावी भुवई मधोमध फाटली होती. त्या वणावरून सुयोगने ते पाडलं होतं. तेव्हा तो सात वर्षांचा होता. मी भुवईवरून बोट ओढून दाखवलं. मिनाजने लगेच आपल्या भुवईवरून तसंच बोट ओढलं. 'छान आहे. हेच ठेवू,' म्हणाली आणि सगळ्यांना शिकवून मोकळी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात हुपरीजवळच्या एका सूतगिरणीत आम्ही पाहणीला गेलो होतो. चात्या फिरत होत्या, कापसाचे तंतू हवेत उडत होते आणि आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कळू नये. मी एका टोकाला होते, पोतनीस सर दुसऱ्या टोकाला. काहीतरी हललेलं दिसलं म्हणून मी वर पाहिलं. सर हात उंचावून माझं लक्ष वेधत होते. मी बघते आहे असं दिसल्यावर त्यांनी डाव्या भुवईवरून बोट ओढलं आणि म्हटलं, 'ये.'

अंगणाच्या पलीकडून सुयोग मला अशीच हाक मारायचा.

मी गेले. काम केलं, नोंदी घेतल्या.

त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई भाकरी थापत होती. "आलीस? हात-पाय धू," ती पाठमोरीच म्हणाली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि ती वर बघेपर्यंत थांबले. मग हाताने म्हटलं, 'आई, आज मला कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली.'

आई बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तसा तिने गॅस बंद केला. पिठाचे हात पदराला पुसायला घेतले आणि तसेच वर उचलले. बोट डाव्या भुवईवरून ओढलं. तिथं पिठाची रेघ उमटली.

'या नावाने?' तिने विचारलं.

'याच.'

'कुणी?'

मी सांगायला लागले. मिनाजबद्दल, तिच्या वडिलांबद्दल, पोतनीस सरांच्या आरशाबद्दल. आई मधेच थांबवून विचारायची, चुकलेली खूण दुरुस्त करायची, हसायची. मग सुयोगचं निघालं, त्याने शाळेतून आणलेल्या वात्रट खुणांचं, ज्या आईसमोर करायला बंदी होती. त्या आईनेच मला करून दाखवल्या.

बाहेरच्या खोलीत अप्पांना भांड्यांचा आवाज येईना, बोलण्याचा येईना. स्वयंपाकघर इतकं गप्प का झालं म्हणून ते उठून बघायला आले आणि दारातच उभे राहिले.